तीन खुंटांवरचे ठिपके

त्या तीन खुंटांवरचे पांढरे ठिपके तिने काढलेले नव्हते. ते मी काढले, ऑइलपेंटने, कुणी सांगितलेलं नसताना. हे आधीच लिहून टाकतो, कारण लिहिता लिहिता आडवाटेला लागायची माझी सवय मला माहीत आहे.

आमच्या शाळेची स्मरणिका निघते आहे. मी तिथे एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. शाळेचं पत्र आलं की आपल्या नामवंत विद्यार्थिनीवर दोन पानं लिहून द्या, तिची जडणघडण आपल्याच हातून झाली. मी दोन पानं लिहिलीसुद्धा. त्यात तिच्या बालपणीच्या प्रतिभेवर एक परिच्छेद होता आणि माझ्या मार्गदर्शनावर अडीच. कागद घडी करून पाकिटात घातला, पाकिटाला डिंक लावला, आणि तीन दिवस ते टेबलावर तसंच पडलं होतं. चौथ्या दिवशी फोडलं आणि हे लिहायला बसलो. स्मरणिकेला हे चालणार नाही, पण दुसरं काही आता लिहवत नाही.

ती आमच्याकडे नववीत आली. तिचं गाव मणिबेलीच्या बाजूचं, नर्मदेकाठचं. धरणाचं पाणी चढत गेलं तशी घरं वर सरकत गेली, मग काही कुटुंबं खाली सपाटीवर वसाहतीत आली, काही तिथेच डोंगरावर राहिली. तिचे आईवडील वसाहतीत आले, काका वरच राहिला. ती वसतिगृहात राहून आमच्या लोणखेड्याच्या शाळेत शिकायची. वर्गात फारशी बोलायची नाही. तिची घरची बोली वेगळी, आमची अहिराणी वेगळी आणि पुस्तकातली मराठी तिसरीच, त्यामुळे बोलण्याआधी ती क्षणभर थांबायची. मला वाटायचं, मंद आहे.

एकदा मी 'नदीकाठचे दृश्य' हा विषय दिला. दोन डोंगर, मधून सूर्य, खालून वाहणारी नदी, एक झोपडी, एक नारळाचं झाड हे मी स्वतः फळ्यावर काढून दाखवलं. आमच्या जिल्ह्यात कुठल्या नदीकाठी नारळ आहे, हा प्रश्न मला त्या एकतीस वर्षांत कधी पडला नाही. तिने अख्खा कागद मातकट रंगवला होता. त्यावर आडव्या रेघा, एकाखाली एक, आणि मधूनमधून काळे ठोंब.

"हे काय आहे?"

"नदीकाठ, सर."

"नदी कुठे आहे यात?"

ती थांबली. मग म्हणाली, "पाणी उतरलंय, सर. आमच्याकडे उतरल्यावर असंच दिसतं."

मी तिला दहापैकी तीन दिले आणि तो कागद वर्गात उंच धरून दाखवला. पोरं हसली. मीही हसलो. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेचा तिचा फॉर्म मी भरू दिला नाही, शाळेचा निकाल खराब होईल म्हणून. पुढे ती स्वतःच्या हिमतीने कुठून तरी परीक्षा देऊन गुजरातेत कलाशिक्षणाला गेली. जडणघडण म्हणतात ती एवढीच.

माझ्याबद्दल सांगायचं तर माझा हात चांगला होता. सुट्टीत मी पाट्या रंगवायचो. दुकानांच्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या, ग्रामपंचायतींच्या. धानोऱ्यापासून तळोद्यापर्यंत भिंतीभिंतींवर 'झाडे लावा, झाडे जगवा' माझ्याच हातचं होतं. अक्षर असं, की लोक थांबून बघायचे. शिवाय सातपुड्याची निसर्गचित्रं करायचो आणि दरवर्षी मुंबईच्या प्रदर्शनाला पाठवायचो. दरवर्षी ती परत यायची. एका वर्षी तर गुंडाळी न उघडताच परत आली, माझीच गाठ तशीच होती. त्या सगळ्या गुंडाळ्या अजून माळ्यावर आहेत.

आणि मग तिचं नाव पेपरात यायला लागलं.

आधी आतल्या पानावर, लहानसं. मग फोटोसकट. धरणाच्या गाळाने तिने कापडावर काम केलं होतं. बुडालेल्या गावांतल्या दारांच्या चौकटी गोळा करून एका मोठ्या शहरातल्या दालनात उभ्या केल्या होत्या. माणसाने नदीचं, जंगलाचं काय केलं हे तिचं काम दाखवतं, असं लिहून आलं होतं. परदेशातली माणसं त्या चौकटींतून चालत असतानाचा फोटो होता. मी तो फोटो चष्मा पुसून पुसून पाहिला. यात कौशल्य काय, हे मी शोधत होतो. रेषा कुठे आहे? छायाप्रकाश कुठे आहे? आणलेली दारं उभी केली, झालं? हे मी बायकोला तीनदा समजावून सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"तुमना पोटमा दुखी ऱ्हायनं, दुसरं काय!" ती म्हणाली.

"मी कलेबद्दल बोलतोय."

"कलाबद्दलच दुखी ऱ्हायनं."

तरी मी प्रत्येक कात्रण जपून ठेवलं. लोकांना वाटायचं अभिमानाने ठेवतो. गावात माझा सत्कार झाला, तिचे गुरू म्हणून. शाल, श्रीफळ सगळं घेतलं. भाषणात मी म्हणालो, "लहानपणीच मला तिच्या मातीच्या रंगात काहीतरी दिसलं होतं." टाळ्या झाल्या. तिने ते कुठेतरी वाचलं असणार. तिने कधीच खोडून काढलं नाही.

चार उन्हाळ्यांपूर्वी ती घरी आली. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ती आता चाळिशीची, केस अर्धे पांढरे, पायात साध्या चपला. खाली बसली, बायकोच्या हातचा चहा प्यायली आणि म्हणाली, "सर, एक काम करतेय आमच्या काठावर. बारीक हाताचं आहे. येता का?"

काम असं होतं. पाणी चढायच्या आधी तिथलं जंगल तोडून नेलं होतं. साग, मोह, सगळं. खुंट तेवढे राहिले. दर पावसाळ्यात ते बुडतात, दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की शेकडो काळे खुंट गाळातून वर येतात. तिने शाळेत काढलेले काळे ठोंब म्हणजे हेच, हे मला तेव्हा कळलं. तिला या खुंटांवर ठिपके काढायचे होते, होळीच्या बुध्यांच्या अंगावर असतात तसे.

डोंगरातल्या होळीला नवस असलेले पुरुष बुध्या होतात. अंगभर राखेचे आणि तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे. ते काही दिवस पाळणी पाळतात. खाटेवर झोपायचं नाही, अंघोळ करायची नाही. होळी झाली की नदीत उतरून ठिपके धुवायचे. धुतले की पाळणी सुटली. धुतल्याशिवाय माणूस घरच्यांत मिसळत नाही.

खुंटांना ठिपके लावायचे म्हणजे त्यांना पाळणीत बसवायचं. तिने हे परस्पर ठरवलं नव्हतं. काकाकडे आणि पाड्यातल्या इतर म्हाताऱ्यांकडे ती दोन वर्षं जात होती. त्यांनी शेवटी होकार दिला तो एका अटीवर. ठिपके असे हवेत, की पाणी चढलं की धुतले जातील. झाडांनी पावसाळ्याला अंघोळ केली की पाळणी सुटली पाहिजे. तिने शब्द दिला. मला हे सगळं तिने बोटीतच सांगितलं, नीट, दोनदा. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

अक्कलकुव्याच्या पुढे डोंगर ओलांडून जीपने गेलो, मग बोटीने. बोटवाला तिच्याच नात्यातला, चाळिशीचा, बडबड्या. त्याने मला आधीच निरोप दिला होता की गुरुजी, माझ्या बोटीचा नंबर रंगवून द्या, पुसट झालाय. म्हणून मी शहाद्याच्या रंगाच्या दुकानातून पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि दोन नंबरचा ब्रश पिशवीत टाकला होता. दुकानदार माझा जुना दोस्त. त्याने डबा देताना विचारलं, "क्या गुरुजी, रिटायर होके भी पाट्या?" मी म्हणालो, "नाही रे, आता मोठं काम आहे. कलेचं."

काठावर आठ दिवस काम चाललं. पहाटे उन्हाच्या आधी आणि दुपार कलल्यावर. राख चाळून घ्यायची, तांदळाचं पीठ कालवायचं, बांबूची काडी टोकाला चावून मऊ करायची आणि त्या काडीने ठिपका ठेवायचा. पहिल्या दिवशी माझे ठिपके ओघळले. एकतीस वर्षांत मी ज्यांना ब्रश कसा धरायचा ते सांगितलं होतं, अशा हजार पोरींपैकी एक आता माझ्या शेजारी उकिडवी बसून म्हणत होती, "सर, काडी सरळ वर उचला. ओढू नका." तिच्या आवाजात कुठेही टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सहाव्या दिवशी एक फोटोग्राफर आला, मोठ्या शहरातून. त्याने सगळा काठ टिपला. मी तेव्हा एका मोहाच्या खुंटावर काम करत होतो. माझा हात आता बसला होता, ओळी सरळ येत होत्या, आणि मनात आलं की हा फोटो पेपरात येईल. मी पाठ जरा ताठ केली. टोपी काढून ठेवली.

"आजोबा," तो दुरून ओरडला, "जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

ती पलीकडे होती, तिने ऐकलं नाही. मी बाजूला झालो. गाळात पाय रुतला, तो काढता काढता चप्पल आतच राहिली. फोटोग्राफरने त्या खुंटाचे पाचसहा फोटो काढले. त्या खुंटावरचा एकूण एक ठिपका माझा होता. पुढे तोच फोटो तिच्या नावाने सगळीकडे गेला. तिच्या नावानेच जायला हवा होता, काम तिचं होतं. हे आता म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सगळे पुढच्या वळणावर गेले. मी गुडघ्याचं निमित्त सांगून मागे राहिलो. बोटवाल्याला म्हणालो, तुझा नंबर रंगवतो. तो बोट माझ्या ताब्यात देऊन चालत त्यांच्यामागे गेला. नंबर अर्ध्या तासात झाला. डबा जवळजवळ भरलेलाच होता.

पाण्याच्या अगदी कडेला तीन खुंट होते, सगळ्यांत खालचे. दोन सागाचे, एक मोहाचा. तिने ते अजून घेतले नव्हते. मी गेलो आणि ऑइलपेंटने ठिपके घातले. मनाला सांगितलं की राख वाऱ्याने उडते, निदान तीन तरी नीट टिकावेत. खरं कारण ते नव्हतं. तिचे ठिपके पाण्याने जाणार होते, मला माझे राहायला हवे होते. आयुष्यभर मी जे रंगवलं त्यावर चुना फिरला, निवडणुकीचे बोर्ड फिरले, गुंडाळ्या माळ्यावर गेल्या. इथे कुणाचा चुना फिरणार नव्हता.

तिसऱ्या खुंटावर, मोहाच्या, माझा हात असा चालला की तसा आधी कधीच चालला नव्हता. बुंध्याच्या सालीला एक पीळ होता, त्या पिळाबरोबर ठिपके वळत गेले. ऊन डोक्यावर आलेलं कळलं नाही. मी मागे सरून पाहिलं आणि मला वाटलं, हे तिला जमलं नसतं.

मग वरून राखेचा हात फिरवला, चकाकी दिसू नये म्हणून. म्हणजे हे चुकून झालं, असं म्हणता येणार नाही. मला कळत होतं, म्हणून तर राख फासली. संध्याकाळी तिने लांबून ते तीन पाहिले आणि म्हणाली, "सर, हे छान झालेत." मी म्हणालो, "चल, उशीर होतोय."

पुढच्या उन्हाळ्यात बोटवाल्याचा फोन आला. "गुरुजी, ते ठिपके तसेच हाय. तीन खुंटावर. बाकी सगळे गेले, हे नाय गेले. इथं लोक फार चिडले."

पाणी उतरलं तेव्हा बाकीचे खुंट धुतलेले, काळे, मोकळे वर आले होते. ते तीन मात्र अंगावर ठिपके घेऊन. म्हणजे पावसाळाभर, हिवाळाभर, पाण्याखाली पाळणीत अडकून. त्या वर्षी पाड्यात जे जे वाईट झालं, कुणाच्या शेळ्या दगावल्या, कुणाचा मजुरीला गेलेला मुलगा हात मोडून परत आला, ते सगळं लोकांनी त्या तीन खुंटांशी जोडलं. तिला बोलावणं गेलं. मलाही बोलावलं, कारण मी मोठा माणूस, शिकलेला, मध्यस्थी करीन.

आम्ही काठावर उभे होतो. म्हातारे बसले होते, मधोमध तिचा काका. तिने चपला काढल्या, गाळात उतरली, मोहाच्या खुंटापाशी वाकली आणि एका ठिपक्यावरून बोट फिरवलं. नखाने टोकरून पाहिलं. मग दुसरा ठिपका पाहिला, मग तिसरा. फार वेळ पाहत होती. मी माझ्या काठीचं टोक गाळात खुपसत होतो.

काका त्यांच्या बोलीत काही बोलला. मला एवढं कळलं: तू लावलं का?

ती वळली. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या बोलीत म्हणाली, मग मला समजावं म्हणून असेल, मराठीतही म्हणाली, "काम माझं आहे. चूक माझी."

मी तोंड उघडलं नाही. उघडायला एक क्षण होता, मग दुसरा होता, मग काका उठला आणि म्हणाला की या काठावर आता तिने काम करायचं नाही. घरी यावं, जेवावं, पण खुंटांना, मातीला, पाण्याला हात लावायचा नाही, ते ठिपके खरवडायलासुद्धा नाही. तिने मान हलवली. ज्या काठासाठी ती सगळं करत होती तो काठ तिच्या हातून गेला, आणि मी तिथे मध्यस्थ म्हणून उभा होतो.

परतीच्या बोटीत ती माझ्या समोर बसली होती.  मग तिने विचारलं, "सर, गुडघा दुखतो का अजून?"

मला त्या प्रश्नाचा राग आला. तो मी घरी येईपर्यंत आणि त्यानंतरही धरून ठेवला. ती चांगुलपणातही माझ्या पुढे गेली म्हणून राग. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच आहे. आणखी एक खरं: तिचा काठ गेला याचं पहिले काही दिवस मला आतून बरं वाटलं होतं. आता बघू, काठाशिवाय काय करते, असं.

तिने पुष्कळ केलं. दुसऱ्या नद्यांवर, खाणींत. नाव आणखी मोठं झालं. या वर्षी मोबाइलवर तिची मुलाखत पाहिली. विचारणाऱ्याने विचारलं, तुमच्या स्वतःच्या नदीवर तुम्ही काम का करत नाही? ती थांबली, शाळेत थांबायची तशी. म्हणाली, "तिथे माझ्या हातून एक चूक झाली. तिथल्या लोकांनी सांगितलं तर जाईन."

बायको शेजारी बसून पाहत होती. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. पण तेव्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिले फोन कया का?"

"आधी मी सगळं लिहून काढणार आहे."

"पहिले सांगा ज्यास्ले सांगानं त्यास्ले. मंग कागद काया करा."

ज्यांना सांगायचं त्यांना आधी, हे बरोबरच होतं. पण तिला नाही, आधी काकाला सांगायचं ठरवलं. उन्हाळा होताच. जीप, बोट. बोटीवरचा माझा नंबर अजून ठळक होता. बोटवाला म्हणाला, "गुरुजी, तुमचा रंग लय पक्का!" 

काका अंगणात बांबूची टोपली विणत होता. माझ्याच वयाचा, पण गुडघे शाबूत. मी समोर बसलो आणि सांगितलं. त्याने टोपली बाजूला ठेवली.

"तू लावला?"

"हो."

"आमची पोरगी म्हणाली, तिने लावला."

"ती खोटं बोलली. माझ्यासाठी."

"कशाला लावला पण? तुला नवस होता?"

एकतीस वर्षं पोरांना प्रश्न विचारले, इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "ती पुढे गेली. मी राहिलो. मला बघवलं नाही."

त्याने बोटवाल्याकडे पाहिलं, बोटवाल्याने माझं म्हणणं त्यांच्या बोलीत पुन्हा सांगितलं. मग काका हसला. मोठ्याने नाही. "एवढा म्हातारा झाला," तो म्हणाला, "शाळेत शिकवला, आन् हे?" मग हसू थांबलं. "तीन वर्षं आमची पोरगी इथं पाहुणी होऊन येते, गुरुजी. घरात बसते, पाण्याकडे पाठ करून बसते. हे तू केला."

मी मान खाली घातली.

त्याने सांगितलं की खरवड. तिन्ही. तुझ्या हाताने. शेवटचा झाला की पाण्यात उतरून अंघोळ कर. तोवर पाळणी तुझ्यावर. खाटेवर झोपायचं नाही. अंघोळीचं तेवढं त्याने सोडलं. म्हणाला, "तुझी बाई घरात घेणार नाय." हे बोलताना तो पुन्हा किंचित हसला.

मी पिशवीतून टर्पेंटाइनची बाटली काढली. त्याने ती हातात घेतली, बूच उघडून वास घेतला आणि बूच परत लावलं.

"हे पाण्यात जाणार ना?"

मला लाज वाटली. मी दुसऱ्यांदा तेच करायला निघालो होतो. बाटली पिशवीत गेली. रंग खरवडायची पत्ती, विटेचा तुकडा आणि वाळू घेऊन मी काठावर उतरलो.

सागाचे दोन खुंट दोन दिवसांत झाले. हाताला फोड आले. निघालेला रंग एका कापडावर गोळा केला, एक एक पापुद्रा, आणि बरोबर घेऊन आलो. तिसरा मात्र वर आलाच नाही. यंदा पाणी तेवढं उतरलं नाही. बोटीतून वाकून पाहिलं तर हातभर खाली, हिरवट पाण्यात, पिळाबरोबर वळत गेलेले पांढरे ठिपके दिसत होते. बोटवाला म्हणाला, "पुढच्या साली, गुरुजी." काका म्हणाला, "तिसरा निघाला की आमची पोरगी येऊ दे. कामाला येऊ दे."

तेव्हापासून मी जमिनीवर झोपतो. सतरंजी आणि एक गोधडी. पहाटे उठताना आधी कुशीवर, मग कोपरावर, मग पलंगाच्या पायाला धरून. बायको वरून बघते. "आते पुढला उन्हाळा लगून जिता ऱ्हावा म्हणजे झालं," म्हणते आणि हात देते.

तिला फोन मी परवा केला. सगळं सांगितलं, काकाला सांगितलं त्यापेक्षाही जास्त. फॉर्म भरू दिला नव्हता तेही.  मग ती म्हणाली, "सर, मला तेव्हाच कळलं होतं. प्रत्येक ठिपक्याला उजवीकडे बारीक शेपटी होती. शाळेच्या फळ्यावर तुम्ही अनुस्वार तसेच द्यायचात."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते, सर?" तिचा आवाज जरासा वेगळा झाला. "राग आला होता. अजूनही आहे. पण त्या लोकांसमोर तुम्हाला खाली बघायला लावणं मला जमलं नसतं. तुम्ही माझा कागद वर्गात वर धरला होता ना, तेव्हा कसं वाटतं ते मला माहीत आहे."

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.  म्हणालो, "मोहाचा खुंट राहिलाय."

"तो चांगला झाला होता, सर. सगळ्यांत चांगला."

तिचं हे वाक्य मला किती गोड लागलं, हे लिहिल्याशिवाय हिशोब पुरा होणार नाही. गुन्ह्याची कबुली द्यायला फोन केला होता आणि शाबासकी मिळाली म्हणून छाती भरून आली.

मग ती म्हणाली, "तो खरवडाल तेव्हा मी येऊन बसू का काठावर? नुसती बसेन. फोटो काढणार नाही, काही करणार नाही."

"ये," मी म्हणालो.

फोटो काढणार नाही, हे ऐकून मला वाईट वाटलं. ते वाईट वाटणं अजून गेलेलं नाही. रात्री सतरंजीवर पडलो की डोळ्यांसमोर तो खुंट येतो, पाण्याबाहेर निघालेला, आणि मी पत्ती धरून उभा. कुठला ठिपका आधी काढायचा ते मी ठरवत असतो. खालून सुरुवात करावी असं वाटतं. वरची पिळाची ओळ शेवटी.